चरखीचे मळसूत्र

क्षिप्रेच्या काठची उज्जयिनी महाकालाची नगरी म्हणून सर्वांस परिचित आहे. 1810 पर्यंत ती शिंद्यांची राजधानी होती, हेही मराठी माणसास ठाऊक असते. परंतु प्राचीन काळी ती कापडाची मोठी पेठ होती, याचे स्मरण क्वचितच होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात ‘ओझीनी’ म्हणजे उज्जयिनीहून भडोच बंदराकडे मलमल व साधे सुती कापड जात असल्याची नोंद आहे.

माळव्याच्या काळ्या मातीत कापूस उत्तम पिकतो. पण सरकी वेगळी केल्यावाचून त्याचे सूत निघत नाही. त्यासाठी भारतात दोन लाटांची चरखी रूढ झाली. लाटा परस्परांच्या उलट फिरून तंतू ओढून घेतात आणि सरकी मागे राहते. एकाच दांड्याने दोन्ही लाटा फिरवावयाच्या, तर त्या एकमेकींत गुंतविणे अवश्य. मात्र बारीक लाटेवर आखूड, सरळ लाकडी दाते कोरले, तर सारा भार एकदोन दात्यांवर येतो आणि कापूस अडकताच दाता मोडतो. म्हणून सुताराने लाटांच्या टोकांवर मळसूत्रच कोरले. एकीवर उजवे, दुसरीवर डावे. तिरपे, लांब आटे एकाच वेळी अनेक ठिकाणी टेकतात आणि भार वाटला जातो. ही मळसूत्री चरखी 13 व्या-14 व्या शतकांत प्रचारात आली असावी, असे इतिहासकार इर्फान हबीब यांचे मत आहे.

मळसूत्राची दुसरी करामत पहिल्या शतकातील अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने वर्णिली आहे. जड ओझे उचलण्याच्या यंत्रात त्याने मळसूत्राने दंतचक्र फिरविले. आट्यांचा उतार पुरेसा कमी असेल, तर चक्र मळसूत्रास उलट फिरवू शकत नाही आणि ओझे खाली घसरत नाही. आज भार उचलणाऱ्या यंत्रमानवाच्या रचनेतही ही जोडी योजतात. बहुधा मळसूत्र पोलादी आणि चक्र काशाचे असते. घर्षणात बरीच शक्ती खर्ची पडते, हे तिचे मोल. दाते निवडताना नेहमीचा भार पाहून भागत नाही. यंत्र एकाएकी अडले असता बसणारा धक्काही हिशेबात धरावा लागतो.

1793 साली तारेच्या दात्यांचे यंत्र काढणाऱ्या एली व्हिटनीचे नाव जगास माहीत आहे. लाकडात मळसूत्र कोरणाऱ्या आपल्या सुताराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. त्याची विद्या हातातून हातात गेली. आणि ते हात थांबले, तेथे तीही थांबली.