मातींतील निनांवी बखरकार

ऐतिहासिक कागद हातीं आला म्हणजे त्याचा लेखक कोण, हें आम्ही आधीं विचारतों. निनांवी बखरीवर सारी भिस्त ठेवणारास जाणते लोक हंसतात, आणि तें योग्यच आहे. परंतु पृथ्वीच्या प्राचीन हवामानाचा शोध घेणाऱ्या रसायनज्ञांनीं नेमकें हेंच धाडस केलें. मातींतील एका अज्ञात जंतूचें लिखाण त्यांनीं आधीं वाचलें, त्यावरून हजारों वर्षांचें उष्णमान ठरविलें, आणि लेखकाचा पत्ता त्यांस मागाहून लागला.

प्रत्येक सजीव पेशीभोंवतीं स्निग्ध द्रव्यांचें एक अत्यंत पातळ पटल असतें. सामान्य जंतूंत तें दुपदरी असतें. ग्लिसरिनास मेदाम्लांच्या शेपट्या ‘एस्टर’ नामक सांध्यानें जोडलेल्या असून दोन थरांच्या शेपट्या समोरासमोर येतात. १९७७ सालीं कार्ल वूस व जॉर्ज फॉक्स यांनीं जंतूंहून भिन्न असें एक जीवकुल वेगळें काढलें. त्यास पुढें ‘आर्किया’ हें नांव पडलें. यांच्या पटलांत सांधा ‘ईथर’चा, आणि ग्लिसरिनची ठेवण जंतूंच्या उलट, डाव्या-उजव्या हातासारखी. कढत झऱ्यांत राहणाऱ्या आर्कियांत तर दोन्ही थर सांधून एकच लांब रेणू पटलाच्या आरपार गेलेला असतो. ही बांधणी उष्णतेस व अम्लास दाद देत नाहीं. त्यामुळें असा आरपार रेणू दिसला कीं तो आर्कियाचाच, अशी समजूत रूढ झाली.

या समजुतीस पहिला धक्का हॉलंडांतील पीटनें दिला. पीट म्हणजे थंड देशांतील दलदलींत शेवाळें अर्धवट कुजून सांचलेला काळा थर. तो वाळवून जळणासाठीं वापरतात. त्यांत सांपडलेल्या एका आरपार रेणूची घडण सिनिंघे दाम्स्ते व त्यांचे सहकारी यांनीं २००० सालीं प्रसिद्ध केली. सांधे ईथरचे खरे, पण साखळ्या आर्कियाच्या नव्हेत. त्यांवर चार ते सहा मेथिल फांद्या फुटलेल्या. मग हा रेणू कोणाचा? २००६ सालीं वाइअर्स प्रभृतींनीं ग्लिसरिनची ठेवण तपासली, तों ती जंतूंची निघाली. लेखक सांपडला नाहीं, पण हस्ताक्षरावरून त्याची जात कळली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

पुढच्याच वर्षीं याच मंडळींनीं जगांतील सुमारें नव्वद ठिकाणच्या १३४ मृत्तिका तपासल्या. जेथील हवा थंड तेथें रेणूंवर मेथिल फांद्या अधिक, जेथें उष्ण तेथें कमी. रेणूंतील कड्यांची संख्या मात्र मातीच्या अम्लतेशीं निगडित, असें त्यांस आढळलें. याचें कारण दुर्बोध नाहीं. थंडींत तूप थिजतें तसें पटल थिजूं लागलें तर पेशीचे व्यवहार खोळंबतील; फांद्यांमुळें रेणू दाटीवाटीनें बसत नाहींत व पटल सैल राहतें. मग कांगो नदीच्या मुखापुढील समुद्रतळाचा गाळ काढून या मंडळींनीं मध्य आफ्रिकेचें गेल्या पंचवीस हजार वर्षांचें उष्णमान वाचलें. हिमयुगांत सुमारें २१ अंश, पुढें २५ अंश! ज्या जंतूला कोणीं कांचेच्या भांड्यांतही वाढविलें नव्हतें, त्याच्या साक्षीवर एवढी इमारत उभी राहिली.

आमच्या मतें हें साहस स्तुत्य होतें, पण निर्धोक नव्हतें. मोडी वाचणारास ठाऊक आहे कीं, दोन सारखीं दिसणारीं अक्षरें एक मानलीं तर सबंध वाक्याचा अर्थ फिरतो. येथेंही तसेंच झालें. मेथिल फांदी साखळीच्या पांचव्या कर्बावर आहे कीं सहाव्या, हा भेद आधींच्या पद्धतींत दिसत नसे. सिंडी डी यॉंग यांनीं २०१३-१४ मध्यें ती दोन ‘अक्षरें’ वेगळीं केलीं, तेव्हां उष्णमानाच्या आंकड्यांत अम्लतेची भेसळ होत होती हें उघड झालें.

लेखकाचा माग अॅसिडोबॅक्टेरिया नामक जंतुकुलांत लागला. १९७९ सालीं गुरांच्या पोटांतील जंतूंत एक लांब दुतोंडी अम्ल सांपडलें होतें. तें संशोधकांस वारंवार चकवी, म्हणून ‘चकविणें’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास ‘डायाबोलिक’ हें नांव दिलें गेलें. त्याच्याच एका भावंडाचा मोठा सांठा २०११ सालीं अॅसिडोबॅक्टेरियांत आढळला, आणि दोघां-तिघां जंतूंत हवा तो रेणूही अल्प प्रमाणांत दिसला. अखेर ऑस्ट्रेलियांतील एलिनबँक येथील कुरणाच्या मातींतून पूर्वींच मिळालेल्या सोलिबॅक्टर यूझिटाटस या जंतूनें २०२२ सालीं प्रयोगशाळेंत हे रेणू भरपूर करून दाखविले. प्राणवायु कमी पडला म्हणजे त्यांचें प्रमाण वाढतें, आणि थंडींत त्यांवरील फांद्या वाढतात.

तरीही हा एकटाच बखरकार, असें मानूं नये. आणि लिखाण कोठें झालें हा प्रश्न उरतोच. आपल्या गोदावरीच्या पाण्याची व मातीची अशी तपासणी २०२२ सालीं प्रसिद्ध झाली. पावसाळ्यांत नदी मातींतील रेणू वाहून नेते, परंतु कोरड्या दिवसांत ते खुद्द नदींतही तयार होतात, असें तींत आढळलें. बंगालच्या उपसागरांतील गाळ वाचणारास आतां प्रथम मातीचें लिखाण व नदीचें लिखाण निवडून काढावें लागतें.