एका रात्रीचं काम, आठ वर्षांची वाट

टर्मिनलवर दोन कमांडच्या मध्ये तुम्ही उभी रेघ टाकता, तेव्हा पहिल्या प्रोग्रामचं आउटपुट थेट दुसऱ्याचं इनपुट होतं. याला पाइप म्हणतात. दिसायला किती सोपं! पण कल्पना सुचल्यापासून ती प्रत्यक्षात यायला आठेक वर्षं गेली.

आधी अडचण समजून घेऊ. एकाच मशीनवरचे दोन प्रोग्राम एकमेकांच्या मेमरीत हात घालू शकत नाहीत. एक बिघडला तर दुसरा वाचावा, म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमच मध्ये भिंत घालते. मग माहिती द्यायची कशी? जुना उपाय तात्पुरत्या फाइलचा: पहिल्याने लिहायची, तो संपला की दुसऱ्याने वाचायची, मग पुसून टाकायची.

ऑक्टोबर १९६४ मध्ये बेल लॅब्सच्या डग मॅकिलरॉय यांनी एका टिपणात सुचवलं, की बागेच्या नळीला पुढचा तुकडा जोडावा तसे प्रोग्राम जोडता यायला हवेत. युनिक्स तेव्हा नव्हतंच. ते १९६९ मध्ये सुरू झालं. पुढे मॅकिलरॉय कमांड लिहायच्या नवनव्या पद्धती सुचवत राहिले, पण केन थॉम्प्सन यांना त्या पटेनात. शेवटी एकदा पटलं, आणि मॅकिलरॉय सांगतात त्याप्रमाणे थॉम्प्सननी एका रात्रीत पाइप बसवला. फेब्रुवारी १९७३ च्या युनिक्स मॅन्युअलमध्ये त्याची नोंद आहे. उभी रेघ तर त्याहून नंतरची.

आता गंमत बघा. त्या रात्रीचं मोठं काम पाइप नव्हतंच. तोवरच्या बहुतेक प्रोग्रामना फाइलचं नाव द्यावं लागे. समोरून येणारा मजकूर वाचायची त्यांना सवयच नव्हती. थॉम्प्सननी तेही बदलले. म्हणजे काय, तर नळी टाकण्याइतकंच दोन्ही टोकांची तोटी सारखी करणं महत्त्वाचं होतं.

पाइपला मर्यादाही होती: तो फक्त एकाच पूर्वज-प्रोसेसपासून जन्मलेल्या प्रोग्राममध्येच चाले. अनोळखी प्रोग्रामना बोलता यावं म्हणून पुढे वेगळ्या सोयी आल्या. त्यातलाच सॉकेट १९८३ च्या ४.२ बीएसडीमध्ये आला.

माझं संशोधन इथेच सुरू होतं. साध्या पाइपमध्ये प्रत्येक बाइट दोनदा कॉपी होतो: एकदा कर्नलमध्ये जाताना, एकदा बाहेर येताना. शेअर्ड मेमरीत ही कॉपी वाचते, पण मग कोणी कधी लिहायचं, कधी वाचायचं, ही शिस्त प्रोग्रामनाच पाळावी लागते. ती चुकली की ज्या भिंतीने वाचवायचं, तिलाच भोक पडतं. किती वेगासाठी किती धोका पत्करायचा, हे मला मोजायचंय.