धर्मांतर, दाखला आणि कायदा

१४ ऑक्टोबर १९५६ ला परमपूज्य बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली, तेव्हा आपला बुलडाणा जिल्हा मध्य प्रदेशात होता. अठराच दिवसांनी तो मुंबई राज्यात गेला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. राज्यं बदलली, पण दिल्लीचा हुकूम तोच राहिला.

तो हुकूम म्हणजे राष्ट्रपतींचा १९५० चा अनुसूचित जाती आदेश. हिंदूखेरीज दुसरा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा धरला जाणार नाही, असं त्यात होतं. १९५६ साली शीख बांधवांसाठी दार पूर्ण उघडलं, बौद्धांसाठी नाही. गंमत बघा, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात बौद्धांना हिंदूंबरोबर धरलं. सवलतीच्या वेळी मात्र आपण परके!

आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ ला बौद्ध होते २,४८७. १९६१ ला २७,८९,५०१. या प्रत्येक घरात प्रश्न उभा होता, की पोराचं नाव शाळेत घालताना काय सांगावं? 'बौद्ध' म्हटलं तर सवलत जाते, 'हिंदू' म्हटलं तर बावीस प्रतिज्ञा मोडतात. महाराष्ट्र सरकारने १९६० पासून आपल्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राच्या नोकऱ्या आणि राखीव मतदारसंघ मात्र बंदच.

१९६२ साली नागपुरातून डॉ. डी. पी. मेश्राम राखीव जागेवर आमदार झाले. त्यांच्याविरुद्ध पंजाबराव नावाचे गृहस्थ कोर्टात गेले (हे डॉ. पंजाबराव देशमुख नव्हेत). हायकोर्टात मेश्राम जिंकले, पण १९६४ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. धर्म मानणं म्हणजे तो जाहीरपणे आपला म्हणणं, आणि मेश्रामांनी तर उघड धम्म स्वीकारला होता. गुपचूप बौद्ध राहिले असते तर आमदारकी वाचली असती! प्रामाणिकपणाची ही किंमत.

त्याच वर्षी ६ डिसेंबरला दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. जमिनीबरोबर बौद्धांच्या सवलतीचीही मागणी त्यात होती. ती मान्य व्हायला १९९० साल उजाडलं. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीत विश्वनाथ प्रताप सिंग सरकारने आदेशात 'बौद्ध' शब्द घातला. दीक्षेनंतर चौतीस वर्षांनी.

तरी दाखल्यासाठी पूर्वजांची जात १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या कागदाने दाखवावी लागतेच. म्हणून आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल ज्यांच्या पेटीत असेल त्यांनी जपावी. आणि सरकारी योजनांवर अजून 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' छापतात. नातवंडं शिकून नोकरीला लागली, तरी आपण 'नव'च!