इंकबेरी
इंकबेरी : (गॅलबेरी, लॅ. आयलेक्स ग्लॅब्रा, कुल – ॲक्विफोलिएसी). पूर्व उत्तर अमेरिकेतील सदाहरित झुडूप. कॅनडातील नोव्हा स्कोशापासून फ्लॉरिडापर्यंतच्या अटलांटिक किनारपट्टीत आणि पश्चिमेकडे मेक्सिकोच्या आखातालगत ते दलदलींच्या कडेने व पाइनच्या विरळ वनांत वाढते. कार्ल लिनीअस यांनी 1753 मध्ये त्याचे वर्णन ‘प्रायनॉस ग्लॅबर’ या नावाने केले. पुढे एसा ग्रे यांनी ते आयलेक्स प्रजातीत आणले. ग्लॅब्रा म्हणजे गुळगुळीत. इंकबेरी हे नाव शाईसारख्या काळ्या फळांवरून पडले.

वर्णन : उंची साधारणपणे 1.5 ते 2.5 मी. पाने साधी, एकाआड एक, 2 ते 5 सेंमी. लांब, वरून गर्द हिरवी व चकचकीत. नाताळच्या सजावटीतील हॉलीप्रमाणे त्यांना काटे नसतात. फक्त टोकाजवळ दोन-चार बोथट दाते असतात. फुले लहान, हिरवट पांढरी, वसंताच्या अखेरीस पानांच्या बगलेत येतात. फळ वाटाण्याएवढे, गोल व कडू. पिकल्यावर काळे होते आणि हिवाळाभर फांदीवर टिकते. ते पक्षी खातात, माणसाने खाऊ नये. जॉर्जिया व फ्लॉरिडा राज्यांत या फुलांचा मध प्रसिद्ध आहे.

लागवड : आम्लधर्मी, सेंद्रिय पदार्थ भरपूर असलेली ओलसर जमीन मानवते; सामू 4.5 ते 6.5 असावा. बागेत पाणी साचणाऱ्या सखल जागी हे झुडूप तग धरते. ऊन किंवा अर्धसावली दोन्ही चालते. मात्र दाट सावलीत वाढ विरळ होते. उणे 25° से.च्या आसपासची थंडी ते सोसते. चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाही, त्यामुळे पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आपल्याकडे उसावर व भुईमुगावर पडणारा ‘केवडा’ तो हाच. बुंध्याभोवती पाइनच्या सुकलेल्या पानांचे आच्छादन घातल्यास ओल टिकते.

नर व मादी फुले वेगवेगळ्या झाडांवर येतात. परागण मधमाश्या करतात. फळे हवी असल्यास मादी झाडांच्या जवळपास एखादे नर झाड असावे लागते. बी रुजायला दोन-तीन वर्षेही लागतात आणि रोप नर की मादी हे फूल येईपर्यंत कळत नाही. म्हणून रोपवाटिकांत उन्हाळ्यातील अर्धपक्व फांद्यांच्या छाट कलमांनी अभिवृद्धी करतात. कलमाचे लिंग मातृवृक्षाचेच राहते. ‘कॉम्पॅक्टा’ हा ठेंगणा मादी वाण व ‘शॅमरॉक’ हा आटोपशीर वाण लोकप्रिय आहेत. ‘आयव्हरी क्वीन’ची फळे पांढरी असतात.

छाटणी : वय वाढते तशी खालची पाने गळून झुडपाचे पाय उघडे पडतात. केवळ शेंडे खुडल्याने हा दोष जात नाही. पाइनच्या वनात वणव्याने वरचा भाग जळाला, तरी जमिनीखालच्या आडव्या खोडापासून इंकबेरी पुन्हा फुटते. बागेतही तिच्या याच स्वभावाचा उपयोग करतात : हिवाळा सरताना जुन्या फांद्या जमिनीलगत छाटल्या की बुडापासून दाट फूट येते. त्या वर्षी फळे कमी मिळतात. आडव्या खोडांतून बाजूला उगवणारे फुटवे वेळीच काढले नाहीत, तर एका झुडपाचे हळूहळू जाळे बनते. ओढ्याकाठची माती धरून ठेवण्यासाठी हेच जाळे उपयोगी पडते.

उपयोग : कुंपणासाठी व इमारतीच्या पायालगत हिरवा पट्टा राखण्यासाठी. बॉक्सवुडच्या झुडपांवरील करपासदृश बुरशीजन्य रोग 2011 मध्ये अमेरिकेत प्रथम आढळला. तेव्हापासून त्यांना पर्याय म्हणून इंकबेरीला मागणी वाढली. हरणे तिला सहसा तोंड लावत नाहीत. मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या न्यू जर्सी राज्यातील पाइन बॅरन्सच्या वाळूमय, आम्लधर्मी जमिनीत ती आपोआप उगवते. अशा मातीच्या बागेत तिला चुना घालू नये.