जीवशास्त्र : एका नावाची हकीकत



निवृत्तिवेतनासाठी दरवर्षी ‘हयातीचा दाखला’ द्यावा लागतो, हे आपणांस ठाऊक आहेच. ‘हयात’ म्हणजे जीवन. हा मूळ अरबी शब्द मराठीतही रुळला आहे. उर्दूतील ‘हयातियात’ हा शब्द त्याच्यापासूनच बनला. मराठीत यालाच आपण ‘जीवशास्त्र’ म्हणतो आणि इंग्रजीत ‘बायोलॉजी’.

सजीवांचा अभ्यास प्राचीन आहे. त्याचे हे एकत्र नाव मात्र अलीकडचे. नवव्या शतकात बसऱ्याच्या अल्-जाहिज याने प्राण्यांवर ‘किताब अल्-हयवान’ लिहिला. त्याच शतकात अबू हनीफा अद्-दीनवरी याने वनस्पतींवर ‘किताब अन्-नबात’ रचला. आज ‘हैवान’ म्हटले की आपल्याला क्रूर माणूस आठवतो. परंतु अरबीत त्याचा अर्थ ‘प्राणी’ असा असून तो ‘हयात’च्याच कुळातला शब्द आहे. युरोपातही वनस्पती आणि प्राणी यांची शास्त्रे दीर्घकाळ वेगवेगळीच होती.

१८०२ साली जर्मनीत ट्रेव्हिरानस आणि फ्रान्समध्ये लामार्क यांनी, एकमेकांवर अवलंबून न राहता, ‘बायोलॉजी’ हे नाव सर्व सजीवांच्या शास्त्राला दिले. हा शब्द त्यापूर्वीही क्वचित वापरला गेला होता. पण झाड आणि जनावर या दोहोंत जे समान आहे त्याचा एकत्र विचार करावा, हा अर्थ त्यांनी त्यात भरला. पुढे १८३८ मध्ये श्लायडेन याने वनस्पती आणि १८३९ मध्ये श्वान याने प्राणी पेशींचे बनलेले आहेत, असे प्रतिपादन केले. नावात जी एकता मानली होती, तिला असा भक्कम आधार मिळाला.

या इतिहासाचा आपल्याशी काय संबंध? उर्दू माध्यमातून दहावी झालेला विद्यार्थी अकरावीला विज्ञान शाखेत गेला की ‘खलिया’चा ‘सेल’ होतो. मराठी माध्यमातल्या मुलाच्या ‘पेशी’चेही तेच होते. पुष्कळ हुशार मुले येथेच बिचकतात आणि विषय कठीण आहे असे समजून बसतात. वस्तुतः विषय तोच असतो, बदलते ते नाव. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा २०१८ पासून उर्दूतही देता येऊ लागली; तरी पुढील अभ्यास बहुधा इंग्रजीतच करावा लागतो.

म्हणून मित्रांनो, नवा शब्द भेटला की तो केवळ पाठ करू नका. आपल्या भाषेत त्याला काय म्हणतात ते शोधा आणि दोन्ही शब्द वहीत शेजारी-शेजारी लिहा. पालकांनीही मुलांकडून त्यांचा अर्थ घरच्या बोलीत वदवून घ्यावा. अर्थ समजला की परकी भाषा आडवी येत नाही.