डेल्टाचं कूळ आणि त्याचे नामसाधर्म्याचे नातलग

यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्याशी 'डेल्टा' या शब्दाचा संबंध तीन वाटांनी येतो. तालुक्यातून वाहणारी पूस पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला. वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते, ती गोदावरीत जाते, आणि धवळेश्वरमच्या खाली गोदावरी फाटे फोडत समुद्र गाठते. हा भूगोलातला डेल्टा. निम्न पूस धरणाचं पाणी शिवाराला द्यायचं तर पाटबंधाऱ्याच्या अभियंत्याला ज्याचा हिशेब मांडावा लागतो, तो दुसरा. तिसरा २०२१ सालचा, करोनाचा. नाव एकच, म्हणून कूळही एकच असेल असं वाटतं. माझ्या मते सख्खा वारस एकटा पहिलाच. दुसरा दूरचा आणि तिसरा निव्वळ नामसाधर्म्याचा.

डेल्टा हे ग्रीक अक्षर; त्याचं मूळ पाहायचं तर फिनिशियन लोकांकडे जावं लागतं. त्यांच्या या अक्षराचं नाव 'दालेथ', म्हणजे दार. इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या सुमारास ग्रीकांनी ही लिपी उचलली, तेव्हा नावंही बरोबर आली, पण त्यांचे अर्थ वाटेतच गळाले. ग्रीक माणसाला डेल्टा म्हणजे एक अक्षर, एवढंच. त्यात दार कुठेच नव्हतं. रिकाम्या झालेल्या या नावात नवा अर्थ भरला तो डोळ्यांनी. नाईल नदी दक्षिणेकडून येते आणि आजच्या कैरोपाशी फाटते. भूमध्य समुद्रातून येणाऱ्या ग्रीकाच्या दृष्टीने पाया किनाऱ्याला लागलेला आणि टोक आत, लांबवर. म्हणजे त्याचं त्रिकोणी अक्षर जसं लिहिलं जातं, अगदी तसंच सुलट. उत्तरेकडे तोंड करून पाहणाऱ्याला तेच अक्षर उलटं दिसलं असतं. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हेरोडोटसने त्या भूमीला याच नावाने संबोधलं आहे. पुढे ते नाव नाईलपुरतं राहिलं नाही; नदीच्या मुखाशी गाळाने घडलेल्या कुठल्याही भूमीला ते लागलं.

नातं खरं की खोटं हे तपासायला एक साधी कसोटी आहे: अक्षर बदलून पाहावं. नाईलच्या मुखाला 'गॅमा' म्हणता आलं नसतं, कारण तो आकार तिथे नाही. विषाणूला मात्र गॅमा म्हटलं असतं तरी काही बिघडलं नसतं. २०२१च्या फेब्रुवारीत अमरावती-यवतमाळकडे रुग्णसंख्या एकदम चढली; पुढच्या महिन्यांत देशभर पसरलेल्या लाटेत बी.१.६१७.२ हा प्रकार पुढे आला. बाहेर त्याला 'भारतीय' म्हटलं जाऊ लागलं, आपल्या सरकारने आक्षेप घेतला, आणि ३१ मे २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने असल्या प्रकारांना ग्रीक अक्षरं वाटून दिली. हेतू हा, की कुठल्या भूमीचं नाव रोगाला चिकटू नये. गंमत अशी, की या वाटपात जे नाव हाती आलं त्याचा रूढ अर्थच भूमी! त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ओमायक्रॉनचं नाव ठरवताना 'न्यू' आणि 'झाय' ही अक्षरं गाळली गेली. पहिलं 'नवा' या अर्थाच्या इंग्रजी शब्दासारखं ऐकू येतं, दुसरं रोमन लिपीत चिनी आडनावासारखं दिसतं. चिठ्ठी कोरी असावी म्हणून अक्षरं निवडली, तरी ती पुरती कोरी निघाली नाहीत.

पाटबंधाऱ्याच्या डेल्टात त्रिकोण नाही. पीक उभं असताना दिलेलं सगळं पाणी शेतात साचवलं तर जेवढी खोली होईल, तो त्या पिकाचा डेल्टा: पाठ्यपुस्तकांत उसाला साधारण १२० सेंटिमीटर, कापसाला ५०, गव्हाला ४०. महागावच्या काळ्या मातीत ऊस की कापूस, हा वाद शेवटी याच आकड्यावर येतो. खोली या अर्थाचा इंग्रजी शब्द 'डी'ने सुरू होतो. पण ते अक्षर 'ड्यूटी'ने, म्हणजे ठरावीक प्रवाहात किती क्षेत्र भिजतं या मापाने, आधीच अडवलेलं. तेव्हा खोलीला ग्रीक 'डी' मिळाला असावा, असा माझा तर्क आहे. हे नातं आद्याक्षराचं, आकाराचं नव्हे.

यावर कोणी म्हणेल, की 'आयोटा' या ग्रीक अक्षराचा इंग्रजीत अर्थ 'तीळभर', त्यात आकार कुठे आहे? आहे की! ग्रीक लिपीतली ती सगळ्यात लहान रेघ. आपण 'काना-मात्रेचाही फरक नाही' म्हणतो, तेव्हा तीच दृष्टी असते. 'छत्तीसचा आकडा' तर मराठीतला अस्सल डेल्टाच. ३ आणि ६ यांनी एकमेकांकडे पाठ फिरवलेली दिसते, तिथूनच भांडण सुरू. उलट 'गची बाधा' झाली म्हणतो तेव्हा गर्वाचं आद्याक्षर बोलतं, पाटबंधाऱ्याच्या डेल्टासारखं. आणि पाय, काय, साय ही इंग्रजी वळणाने उच्चारलेली ग्रीक अक्षरं मराठीत तंगडी, प्रश्न आणि दुधावरचा थर होऊन बसली आहेत, त्यांना तर नातलग म्हणायचीही सोय नाही.

मराठी भूगोलाने डेल्टाला 'त्रिभुज प्रदेश' केलं, म्हणजे आकार राखला आणि अक्षर सोडलं. देवनागरीत त्रिकोणी अक्षर नाही, म्हणून दुसरा इलाज नव्हता. अशोकाच्या काळच्या ब्राह्मीत 'ए' त्रिकोणी होता. ती लिपी रोजच्या वापरात असती, तर गोदावरीच्या मुखाला 'एकार' म्हणायला हरकत नव्हती. 'छत्तीसचा आकडा' इंग्रजीत न्यायचा झाला तर तिथेही हीच अडचण येते. त्यांच्या अंकांत ते दोघे एकमेकांवर रुसलेले दिसतच नाहीत.