वस्तीतील पूरक शिकवणी : इयत्ता नव्हे, मुलाची पातळी

महानगरांतील चाळी व झोपडपट्ट्यांत राहणाऱ्या, महापालिकेच्या किंवा अल्प शुल्काच्या शाळांत शिकणाऱ्या मुलांना नेहमीच्या वर्गाखेरीज मोफत अथवा नाममात्र शुल्कात दिले जाणारे अध्यापन म्हणजे पूरक शिकवणी. अभ्यासवर्ग, अभ्यासिका, वस्तीवर्ग अशा विविध नावांनी ती ओळखली जाते. सुस्थित घरांत शिकवणी लावली जाते ती प्रामुख्याने गुण वाढवण्यासाठी. वस्तीतील मुलाच्या बाबतीत मात्र त्याला वाचता येणार की नाही आणि ते शाळेत टिकणार की नाही, हेच पणाला लागलेले असते.

गरज कशातून निर्माण होते?

एका खोलीच्या घरात अभ्यासाला ना जागा असते, ना निवांतपणा. आईवडील दिवसभर कामावर असतात आणि अनेक घरांत शाळेची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी असते. त्यातच घरची बोली व शाळेचे माध्यम यांत अंतर असते. मुंबई महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तामिळ, तेलुगू व कन्नड अशा आठ माध्यमांतून चालतात. तरीही भोजपुरी किंवा वडारी बोलणाऱ्या मुलाला पहिलीतच एक नवी भाषा शिकावी लागते.

वर्गात अभ्यासक्रम ठरलेल्या गतीने पुढे सरकतो. पहिलीत ज्याची अक्षरओळख राहून गेली, ते मूल तिसरीत फळ्यावरचे शब्द केवळ चित्रासारखे उतरवून घेते. वह्या भरलेल्या दिसतात. वाचन मात्र येत नाही. गृहपाठ पूर्ण करून देण्यापुरती शिकवणी लावल्यास ही उणीव झाकली जाते, भरून निघत नाही.

महाराष्ट्रातील प्रयत्न

शाळेच्या वेळेपलीकडील शिक्षणाची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा सुरू केली होती. अलीकडच्या काळात, १९८८ साली रजनी परांजपे व बीना शेठ लष्करी यांनी मुंबईत 'डोअर स्टेप स्कूल' स्थापन केले. शाळेपर्यंत न पोहोचणाऱ्या मुलांच्या दारी शाळा नेणे, ही त्यामागील कल्पना होती. बसमध्ये भरणारी शाळा हे तिचेच एक रूप. शाहीन मिस्त्री यांच्या 'आकांक्षा' या संस्थेने १९९१ पासून शाळेनंतर चालणारी केंद्रे उभारली आणि पुढे महापालिकांच्या सहकार्याने शाळा चालवण्यास आरंभ केला. माधव चव्हाण व फरीदा लांबे यांच्या पुढाकाराने १९९४ साली मुंबईत 'प्रथम' ही संस्था उभी राहिली. तिचा आरंभ वस्तीतील बालवाड्यांपासून झाला.

'बालसखी'चा धडा

'प्रथम'चा बालसखी उपक्रम या क्षेत्रातील सर्वाधिक अभ्यासला गेलेल्या प्रयोगांपैकी एक होय. माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेली वस्तीतीलच तरुणी निवडून तिला सुमारे दोन आठवड्यांचे प्रशिक्षण दिले जाई. मागे पडलेल्या १५ ते २० मुलांचा गट ती शाळेच्या वेळातच रोज दोन तास वेगळा घेई. मुले तिसरी-चौथीतील असली, तरी अध्यापन पहिली-दुसरीच्या वाचन व गणितापासून सुरू होई. तिचे मानधन महिन्याला ५०० ते ७५० रुपये इतकेच होते.

मुंबई व वडोदरा येथील महापालिका शाळांत २००१ ते २००३ या काळात या उपक्रमाची यादृच्छिक पद्धतीने चाचणी घेण्यात आली. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो व ली लिंडन यांनी तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध केले. बालसखी मिळालेल्या वर्गांची सरासरी पहिल्या वर्षी ०.१४, तर दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाने वाढली. शिक्षणविषयक उपक्रमांच्या मानाने ही वाढ लक्षणीय मानली जाते. लाभ झाला तो मुख्यतः मागे पडलेल्या मुलांना. ती वेगळ्या गटात गेल्याने मूळ वर्गातील पटसंख्या कमी झाली, परंतु तेथे उरलेल्या मुलांच्या गुणांत विशेष फरक पडला नाही. केवळ वर्ग लहान करणे पुरेसे नसून मूल जेथे अडले आहे तेथून शिकवणे निर्णायक ठरते, हा यातील मुख्य बोध.

याच अभ्यासाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. उपक्रम थांबल्यानंतर वर्षभरात या लाभाचा बराच भाग ओसरला, सुमारे ०.१ प्रमाण विचलन एवढाच उरला. हंगामी शिकवणीचे फळही हंगामीच ठरते.

बॅनर्जी व डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मुलांना इयत्तेऐवजी पातळीनुसार शिकवण्याची ही पद्धत आफ्रिकेतील देशांतही पोहोचली आहे.

साहाय्य कसे करावे?

अशा वर्गाला आधार देऊ इच्छिणाऱ्या नागरिकाने प्रथम पातळी तपासली जाते का, हे पाहावे. त्यासाठी मोठ्या परीक्षेची गरज नसते. 'असर' या ग्रामीण सर्वेक्षणात २००५ पासून वापरली जाणारी अक्षर, शब्द, परिच्छेद व गोष्ट अशी चढती वाचनचाचणी काही मिनिटांत होते. तिच्या आधारे गट पाडून दर काही आठवड्यांनी ते बदलल्यास प्रगतीही दिसत राहते.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शाळेतील शिक्षकांना खासगी शिकवणी घेण्यास मनाई आहे. त्यामुळे हे काम वस्तीतील तरुण-तरुणी व स्वयंसेवक यांच्याच खांद्यावर येते. आठवड्यातून दोन दिवस, ठरलेल्या वेळी, निदान एक शैक्षणिक वर्ष येण्याची तयारी असेल तरच स्वयंसेवकाने नाव द्यावे. अधूनमधून येणारा शिक्षक वर्गाची घडी बसू देत नाही. मुलांच्या सुरक्षिततेसाठी ओळखीची पडताळणी व पालकांची संमती घ्यावी. वर्ग शक्यतो खुल्या, वर्दळीच्या जागी भरवावा.

वेळ देता येत नसेल, तर जागा देता येते. समाजमंदिर, सोसायटीचे सभागृह किंवा मंडळाची खोली सायंकाळी दोन तास उपलब्ध झाली, तरी एक वर्ग उभा राहतो. देणगी देताना दप्तरे व वह्या यांच्याआधी वस्तीतील शिक्षिकेच्या मानधनाचा विचार व्हावा. वह्यावाटपाचे छायाचित्र निघते, मानधनाचे निघत नाही. परंतु वर्ग जून ते एप्रिल अखंड चालतो तो त्या मानधनावरच.